जयवदनभाईंच्या नावाची हिरवळ

जयवदनभाई भावसारांनी आयुष्यात शेकडो बागा केल्या आणि त्यातल्या एकाही बागेत गवताची काडी उगवली नाही. नगररचना खात्यात ते नकाशे रंगवायला होते. पिवळा म्हणजे घरं, निळा म्हणजे बाजार, हिरवा म्हणजे बाग. साहेब बोट ठेवतील तिथे हिरवा भरायचा, रेषेबाहेर जाऊ द्यायचा नाही, आणि पाच वाजता ब्रश धुऊन घरी जायचं. भावसारांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या कापड रंगवण्याचा धंदा, त्यामुळे जयवदनभाई निवृत्तीच्या समारंभातही म्हणाले होते, "आजोबांनी साड्या रंगवल्या, मी शहर रंगवलं." आजोबांच्या साड्यांचा रंग निदान धुतल्यावर जायचा. नातवाने भरलेला हिरवा न धुताच जाई, आणि त्या जागी मोटारींचं शोरूम उभं राही. पण हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि स्वतः जाऊन बघण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता.

तर असा माणूस निवृत्त झाल्यावर धरमोलीत टेनामेंट, म्हणजे ओळीतलं छोटं घर, घेतो. धरमोली म्हणजे परवापर्यंतचं गाव. आता अहमदाबाद पसरत पसरत तिथवर आलं, गावाला नगरपालिका मिळाली आणि म्हशींना हॉर्न ऐकू येईनासे झाले. त्यांच्या बायकोला, वीरबाळाबेनना, तिथे जायचं नव्हतं. जुन्या शहरातल्या एका पोळमध्ये, म्हणजे चिंचोळ्या गल्लीत, त्यांचं सगळं आयुष्य गेलेलं. चौकात एक कडुलिंब, त्याखाली दुपारी सगळ्या बायका धान्य निवडायला बसत, आणि तासाभरात गल्लीतल्या प्रत्येक सासूची नीट झडती होई. हे सोडून कोण जाईल? पण जयवदनभाईंनी घरच्या पलंगावर नकाशा पसरला आणि एका चौकोनावर बोट ठेवलं.

"हे आपलं घर. आणि हे समोर बघ, हिरवं. बाग होणार आहे. हिरवळ, मधोमध कडुलिंब. मी स्वतः रंगवलाय हा प्लॉट."

"शब्द देता?"

"दिला."

मधुरम टेनामेंटमध्ये सामान उतरलं तेव्हा समोरच्या हिरव्या चौकोनात बांधकामाच्या मोडक्यातोडक्या लाद्या-विटांची रास, बाभळी आणि कुणाच्या तरी सात-आठ गायी होत्या. वीरबाळाबेननी सामान लावून घेतलं. त्या बोलल्या दुसऱ्या दिवशी सकाळी, दार उघडून.

"अहो, उठा. तुमची बाग शेण टाकून गेली बघा."

मग हे रोजचंच झालं. चहाच्या आधी बागेची खबर. माणूस बाकी काहीही सहन करील, पण आपल्या कामाची थट्टा, तीही रिकाम्या पोटी, सहन करणं अवघड. जयवदनभाईंनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि ते नगरपालिकेत गेले.

धरमोली नगरपालिकेत बागा आणि मोकाट गुरं यांचा विभाग एकच होता आणि त्यात परमारसाहेब हा माणूसही एकच होता. ही योजना ज्याने केली त्याच्या बुद्धीचं कौतुक करावं तेवढं थोडं, कारण दोन्ही प्रश्न एकाच प्लॉटवर भेटत.

"प्लॉटवर बाग करायची आहे," जयवदनभाई म्हणाले.

परमारसाहेबांनी भिंतीवरच्या नकाशाकडे मान वळवली. "आहे की बाग."

"ती नकाशात आहे."

"आम्ही नकाशाप्रमाणेच चालतो."

"तो नकाशा मीच रंगवलाय, साहेब!"

"मग भाई," परमारसाहेब अगदी मायेने म्हणाले, "तुमची तक्रार कोणाबद्दल आहे?"

 ह्यावरचं उत्तर जयवदनभाईंना घरी पोचल्यावर सुचलं आणि त्यांनी ते वीरबाळाबेनना मोठ्या आवाजात ऐकवलं. पण ते परमारसाहेबांच्या समोरची खुर्ची सोडेनात तेव्हा चौथ्या-पाचव्या खेपेला साहेबांनीच तोडगा काढला. लोकभागीदारी. नगरपालिका भिंत, फाटक आणि नळ देणार, बाकी सोसायटीने वर्गणी काढून करायचं. सरकारला जे काम करायचं नसतं त्यात लोकांना भागीदार करून घेतात, हे तीस-पस्तीस वर्षं सरकारात काढूनही जयवदनभाईंच्या ध्यानात आलं नाही. ते नाचत घरी आले.

रविवारी सोसायटीची सभा भरली. जयवदनभाईंनी रात्रंदिवस खपून नकाशा काढला होता. मधोमध गोल हिरवळ, तिच्या मध्यभागी कडुलिंब, कडेने पायवाट, आणि चार कोपऱ्यांत चार बाकडी. रंग तर असा भरला होता की बघणाऱ्याने चप्पल काढावी.

पहिलं मत पंड्यामास्तरांचं पडलं. हे निवृत्त संस्कृत शिक्षक. धर्म, वास्तू आणि शेजाऱ्यांची पचनशक्ती ह्या तिन्ही विषयांवर त्यांचा अधिकार सारखाच होता. गोल हिरवळ शुभ नाही, ते म्हणाले, गोल आकारात पैसा फिरत राहतो, टिकत नाही. हिरवळ चौकोनी झाली. कुणी म्हणालं, कडुलिंब कशाला, पानं गळतात, झाडणार कोण? कुणी म्हणालं, गवत आलं की साप येणार. कुणी म्हणालं, बाग झाली की बाहेरचे लोक येणार. ह्या शेवटच्या मुद्द्यावर सापापेक्षा जास्त काळजी व्यक्त झाली. एवढं सगळं झाल्यावर वर्गणीचा विषय निघाला आणि सभेत अशी शांतता पसरली की शेजारच्या घरातली कुकरची शिट्टी प्रस्ताव मांडल्यासारखी ऐकू आली.

शेवटी चेअरमन रमणिकभाई ठक्कर बोलले. ह्यांचं बाजारात फरसाणाचं दुकान. मन मोठं, पोटाएवढंच.

"भाई, पैसे द्यायला माझी ना नाही. पण गवतावर नाव कुठे लिहिणार?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. प्रश्न बिनतोड होता. आमच्या लोकांनी दानाला कधी मागेपुढे पाहिलं नाही. पाण्याच्या टाकीला देतील, देवळाच्या पायरीला देतील, स्मशानातल्या पंख्याला देतील. पण नाव लिहायला सपाट जागा पाहिजे. जे उगवतं, वाळतं, गायी खातात, त्यावर वडिलांचं नाव कसं घालणार?

इथे जयवदनभाईंनी आयुष्यातली सगळ्यात हुशार गोष्ट केली, म्हणजे निदान त्यांना तशी वाटली. ते उभे राहिले आणि म्हणाले, "कोपऱ्यातलं पहिलं बाकडं माझ्याकडून. माझ्या आईवडिलांच्या स्मरणार्थ." पाठीवर दोघांची नावं, खाली गाव, अक्षरं लाल. लोकांना उदाहरण घालून द्यावं, एवढाच हेतू. उदाहरण घालून देणाऱ्याचं पुढे काय होतं ते लोक बघत नाहीत, फक्त उदाहरण घेतात.

आठवड्यात तीन कोपरे गेले. रमणिकभाईंनी वडिलांच्या नावे दिलं, आणि भावसारांच्या बाकड्यापेक्षा वीतभर लांब दिलं. मग ज्यांना कोपरा मिळाला नाही ते म्हणाले, आमचे वडील काय कमी मेले? पायवाटेच्या कडेने रांग लागली. मग पायवाट आत सरकली आणि तिच्या दुसऱ्या बाजूने रांग लागली. एकाच्या आजोबांना आयुष्यभर ऊन सोसलं नाही म्हणून त्यांचं बाकडं सावलीत हवं होतं. एकाच्या काकांचं तोंड पूर्वेला हवं होतं. दोघा भावांत कोर्टकज्जा होता, तर वडिलांची दोन बाकडी झाली, एकमेकांकडे पाठ करून. कुणीतरी पाखरांसाठी चबुतरा दिला, आईच्या नावे. पाखरं आली आणि त्यांनी बाकीच्यांच्या वडिलांवर जे करायचं ते केलं, त्यावरून आणखी एक सभा झाली.

जयवदनभाई रोज संध्याकाळी नकाशातली हिरवळ खोडरबराने लहान करत. "बाकडी हवीतच ना बागेत," ते वीरबाळाबेनना सांगत. "बसायला."

"बसतं कोण?"

खरंच, बसतं कोण? दुसऱ्याच्या वडिलांवर बसायची कुणाची छाती होईना. बसलं आणि पाय वर घेतले तर समोरच्या गॅलरीतून हाक येई, "ओ, ते आमचे दादा आहेत!" आपापल्या वडिलांवर बसावं तर ज्यांनी बाकडी दिली ते लोक संध्याकाळी घरात टीव्हीसमोर. पोरं पूर्वी राडारोड्यात क्रिकेट तरी खेळायची. आता चेंडू लागला की कुणाचे ना कुणाचे पूर्वज दुखावत.

त्यातच नगरसेवक किरीटभाईंना बाग दिसली. त्यांनी आपल्या फंडातून टेम्पोभर बाकडी पाठवली, प्रत्येकावर स्वतःचं नाव आणि हात जोडलेला फोटो. सोसायटीच्या भावना अनावर झाल्या. आमचे वडील मरून बाकड्यावर आले आणि हा माणूस नुसता निवडून येऊन! पण नगरसेवकाला नको कसं म्हणणार? ते काम पंड्यामास्तरांनी केलं. ते किरीटभाईंच्या कानाशी लागले.

"साहेब, तुम्हाला आयुष्य भरपूर लाभो. पण ही रांग गेलेल्यांची आहे. जिवंत माणसाचं नाव ह्या रांगेत लागलं की पुढचा नंबर त्याचा धरतात."

बाकडी उतरवायला जेवढा वेळ लागला त्याच्या निम्म्यात ती परत टेम्पोत चढली. पुन्हा असा प्रसंग नको म्हणून ठराव करायचं ठरलं आणि सरकारी भाषा येते म्हणून तो जयवदनभाईंनीच लिहिला. 'सदर उद्यानातील कोणतीही जागा फक्त स्वर्गवासी व्यक्तींच्या नावे देण्यात येईल.' 'सदर' हा शब्द लिहिताना त्यांना फार दिवसांनी बरं वाटलं.

आता बागेत एकच मोकळा तुकडा उरला होता, बरोबर त्यांच्या दारासमोर. चार खाटा मावतील एवढा. त्यात वीरबाळाबेननी कडुलिंबाचं रोप लावलं होतं. तांदूळ धुतलेलं पाणी त्या रोज त्याला घालायच्या, आणि त्या पाण्यावर भोवती खरंखुरं गवत आलं होतं. सकाळचा टोमणा हल्ली बंद झाला होता. दार उघडून त्या नुसत्या उभ्या राहायच्या आणि जयवदनभाईंना चहा गरम मिळायचा.

आणि रमणिकभाईंना त्यांची आई आठवली.

"आईला झोपाळ्याचं फार वेड," ते कमिटीच्या बैठकीत डोळे पुसत म्हणाले. "तिच्या नावे मोठा हिंचका द्यायचा म्हणतो. पितळी कड्या, खाली पक्कं काँक्रीट. ती शेवटची जागा आहे ना, तिथे."

जयवदनभाई ताडकन उठले. "तिथे झाड आहे! वीरबाळाला मी शब्द दिलाय."

"ते ठीक आहे. पण जागा कोणाच्या नावे आहे?"

"कोणाच्याच नाही. मोकळी आहे."

"मोकळी म्हणजे उरलेलीच ना?" रमणिकभाईंनी विचारलं, आणि कमिटीला हा शब्द पटला. पुढच्या रविवारच्या सभेपर्यंत कोणी स्वर्गवासी पुढे केला तर ठीक, नाहीतर हिंचका.

तो आठवडा जयवदनभाईंनी स्वर्गवासी शोधण्यात घालवला. आईवडील पहिल्याच बाकड्यावर खर्ची पडले होते, तेही एकदम दोघं. निदान एकेक वापरले असते! वीरबाळाबेनच्या आईवडिलांना त्यांच्या भावांनी गावच्या पाणपोईवर केव्हाच लावून टाकलं होतं. आजोबांवर चुलतभावांनी हक्क सांगितला. शेवटी त्यांनी सुरतेच्या काकांना फोन लावला. काका नव्वदीला टेकले होते आणि दिवाळीपासून आजारी असल्याचं कानावर होतं.

"काका, तब्येत कशी आहे?"

"अरे, एकदम मस्त! आता जिना चढतो मी."

जयवदनभाईंचा चेहरा पडला. काकांना मात्र पुतण्याच्या मायेचं इतकं भरून आलं की त्यांनी नानखटाईचा डबा पाठवून दिला. जयवदनभाईंनी तो जड मनाने खाल्ला.

रविवारी सभेत रमणिकभाई कड्यांचा नमुना घेऊनच आले. जयवदनभाई खाली मान घालून बसले होते. ठराव वाचला गेला, चेअरमननी विचारलं, कोणाचं कोणी आहे का, आणि बायकांच्या बाजूने आवाज आला.

"आहे. लिहा. स्वर्गवासी जयवदनभाई भावसार."

वीरबाळाबेन उभ्या होत्या. पदर खोचलेला.

"अहो बेन, पण भाई तर हे इथे बसलेत!"

"बसलेतच ना? तीस-पस्तीस वर्षं बसूनच रंगवलं सगळं. त्याला जिवंत म्हणायचं असेल तर म्हणा."

हलकल्लोळ झाला. हे नियमात बसत नाही, हे अभद्र आहे, हे बायकांचं काम नाही. मग पंड्यामास्तरांनी हात वर केला आणि डोळे मिटले. ते डोळे मिटत तेव्हा शास्त्र उघडत.

"सोय आहे," ते म्हणाले. "जिवतं जगतियुं. आपल्यात माणूस हयातीतच आपलं तेरावं उरकून घेतो की नाही? माझ्या मामांनी घेतलं होतं. सगळ्या गावाला लाडू घातले, आणि नंतर अकरा वर्षं मजेत होते."

"मग त्यांना गेलेलं धरायचे?"

"जेवण झालं की गेलाच. पंगत उठली की कोणी शंका काढायची नाही."

"सगळ्या सोसायटीला जेवण?" रमणिकभाईंनी हातातल्या कड्या खाली ठेवल्या. "म्हणजे लाडू... मोहनथाळ... फुलवडी तर लागेलच. दुकानाचा माणूस आहे माझ्याकडे, बाहेर कशाला जायचं?" त्यांनी कड्या पायाने खुर्चीखाली सरकवल्या. "आणि खरं सांगायचं तर आईचा जीव घरातल्या हिंचक्यावरच जास्त रमायचा."

"मला कोणी विचारणार आहे की नाही?" जयवदनभाई ओरडले.

"ह्या कामात त्याला विचारत नाहीत, भाई," पंड्यामास्तर म्हणाले.

नाही म्हणणं शक्य होतं. जयवदनभाईंनी बायकोकडे बघितलं. ती त्यांच्याकडे बघत नव्हती. ती खिडकीतून रोपाकडे बघत होती. त्यांना पोळमधल्या घरातला तो पलंग आठवला, पसरलेला नकाशा आठवला, आणि 'दिला' म्हणताना आपला आवाज किती ऐटीत निघाला होता तेही. त्यांना स्वतःचीच फार चीड आली. ते म्हणाले, "लाडू तुपातले करा. डालड्यात मी जाणार नाही."

जगतियुं थाटात झालं. फोटोला हार घातला आणि फोटोखाली पाटावर मूळ माणूस बसवला. परमारसाहेब आले, म्हणाले असा रंग भरणारा हात पुन्हा होणे नाही, आणि जयवदनभाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. नोकरीत असताना हे कोणी बोललं नव्हतं. किरीटभाई फोटोपासून बऱ्याच लांब उभे राहून बोलले. "बागेची कल्पना माझी. स्वर्गवासी भाईंनी खूप साथ दिली."

"साफ खोटं!" जयवदनभाई पाटावरून अर्धे उठले.

"बसा, भाई," मास्तरांनी त्यांना खांद्याला धरून खाली दाबलं. "आज तुम्ही बोलायचं नाही."

बायका वीरबाळाबेनजवळ बसून गेल्या. एकदोघी सवयीने थोड्या रडल्यासुद्धा. पंगत चवीने जेवली, डाळ पातळ आहे म्हणाली, आणि उठली. त्या क्षणापासून जयवदनभाई रीतसर गेले. गवताच्या कडेला संगमरवराची पाटी बसली आणि त्या तुकड्याला हात लावायची कुणाची हिंमत राहिली नाही.

पुढच्या सभेत चबुतऱ्याच्या घाणीवर ते बोलायला उठले तर रमणिकभाई म्हणाले, "भाई, स्वर्गवासींना मत नसतं." महिन्याची वर्गणी मागायला आले तेव्हा मात्र ते सगळ्यांना जिवंत दिसले. सकाळी फिरायला जाताना लोक त्यांना ओलांडून पाटीला नमस्कार करत. एकाने तर हळूच विचारलं, "वरून दिसते का हो आपली बाग?" जयवदनभाईंनी त्या दिवसापासून फिरणंच बंद केलं आणि ते ओट्यावर पाठ फिरवून बसू लागले.

थंडी सुरू झाली तशी एका दुपारी बागेतून आवाज येऊ लागला. बाकड्यांवर कोणी नव्हतं. त्या चार खाटांएवढ्या गवतावर मात्र सात-आठ बायका उंधियूसाठी पापडी सोलत दाटीवाटीने बसल्या होत्या आणि रमणिकभाईंच्या सुनेच्या माहेराची झडती चालली होती. कडुलिंब गुडघ्याएवढा. त्याची सावली एका परातीला पुरेल इतकी, तर परात सावलीत ठेवली होती. वीरबाळाबेन हसत होत्या. धरमोलीला आल्यापासून त्यांचं असं हसणं जयवदनभाईंनी ऐकलं नव्हतं. ते नकळत गवताच्या कडेपाशी गेले.

"उभे काय राहिलात? या, बसा."

"जागा कुठे आहे?"

"अहो, तुमच्याच नावाची आहे!"

बायका सरकल्या. जयवदनभाई आयुष्यात पहिल्यांदा हिरव्यावर बसले. ते ओलं होतं, टोचत होतं, आणि त्यात मुंग्या होत्या. ह्यातलं काहीच नकाशात नसतं. पापडीच्या चार शेंगा सोलून झाल्यावर ते उठले तर पांढऱ्या पायजम्याच्या मागे हा एवढा हिरवा डाग. ते लाजून झटकू लागले.

"झटकू नका, जायचा नाही तो," वीरबाळाबेन म्हणाल्या.

"साबणाने?"

"कशानेच नाही. गवताचा आहे." त्यांनी डाग नीट निरखून पाहिला. "चला, भावसारांचा एक तरी रंग पक्का निघाला."